एक शेवट, दीड पान, निळी शाई

आचारसंहिता लागली की आमच्या कवठेमाळमध्ये परवान्याच्या बंदुका आणि गोष्टींचे शेवट पोलीस ठाण्यात जमा करावे लागतात. बंदुका गावात तीनच आहेत. शेवट जास्त असतात, कारण गावात आमचं शनिवार लेखन मंडळ आहे.

यामागचं कारण परिपत्रकात दिलेलं आहे. गोष्टीचा शेवट गोड झाला तर सत्तेतल्या पक्षाचा फायदा होतो आणि कडू झाला तर विरोधकांचा. शेवट कळलाच नाही तर लोक अपक्षाला मत देतात म्हणे, पण अपक्षांची संघटना नसल्यामुळे त्यावर कुणी हरकत घेतलेली नाही. सुरुवात आणि मधला भाग यांच्यावर बंदी नाही.

मी मंडळाचा चिटणीस, गोरख डांगे. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होतो, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडत नाही आणि नियम वाचल्याशिवाय सभा. आम्ही सातजण नगरवाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार वाजता जमतो. फरसाणवाले ओसवाल अध्यक्ष आहेत, कारण खुर्च्या त्यांनी दिल्या. लोणकर सर भूमितीचे निवृत्त शिक्षक, ते रहस्यकथा लिहितात आणि खुनी कोण हे तिसऱ्या ओळीतच सिद्ध करून टाकतात. चहा होतो, शेव होते, एकमेकांची टिंगल होते. जग काही आमच्यामुळे बदललेलं नाही, पण आमचा शनिवार बदललेला आहे.

मंडळाचे नियम दाराशी फळ्यावर लिहिले आहेत. त्यातला चौथा महत्त्वाचा: गोष्ट सुरू झाली की शेवट ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाही. दुसऱ्या वर्षी एक सभासद ऐन गोष्टीत चहा सांगायला उठून गेले होते आणि लिहिणाऱ्या बाईंनी पुढे दोन वर्षं लेखणी धरली नाही. तेव्हापासून हा नियम आहे. तो मंडळाबाहेरच्यांनाही लागू होतो. सुरुवात ऐकली की माणूस बांधला गेला, मग तो कुणी का असेना. गावात हे सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना घाई असते ते आमच्या खिडकीवरून जाताना कानावर हात ठेवतात.

यंदा नगरपरिषदेची निवडणूक लागली तसे आम्ही ठाण्यात जाऊन शेवट जमा केले. मालखाना, म्हणजे जमा मालाची कुलूपबंद खोली, हवालदार मुलाणींकडे आहे. सरळ माणूस. जमा झालेला शेवट ते वाचत नाहीत. कागद पालथा धरतात, खिडकीच्या उजेडात पानं आणि शाई पाहतात आणि पावती करतात. ओसवालांचे तीन शेवट होते, लोणकर सरांचा एक. खरातबाईंच्या पावतीवर लिहिलं होतं: एक शेवट, दीड पान, निळी शाई.

खरातबाई म्हणजे इंदुमती खरात. चौतीस वर्षं बोरमाळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. तालुक्यातल्या निम्म्या माणसांना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं आहे, त्यामुळे आमदार आले तरी त्या खुर्ची सोडत नाहीत. मंडळात त्या नऊ वर्षं येतात. नऊ वर्षं त्यांनी दुसऱ्यांचंच ऐकलं. यंदा पहिल्यांदा गोष्ट लिहिली. लिहायला चार महिने लागले, त्यातले तीन त्या दीड पानाला.

आणि त्या गाव सोडून चालल्या होत्या. मुलगी भिलाईला असते, ती न्यायला येणार होती. रविवारी सकाळी सातची बस, पुढे रेल्वे. घराला नवा भाडेकरूही मिळाला होता. म्हणजे हातात एकच शनिवार उरला होता आणि निकालापर्यंत आचारसंहितेचे अजून तीन आठवडे होते.

"तोंडी सांगून टाका की शेवट," लोणकर सर म्हणाले. "परिपत्रकात लेखी शेवटाबद्दल लिहिलंय."

"तोंडी सांगायला ती काय चुगली आहे?" बाई म्हणाल्या. "मी लिहिलंय. मी वाचणार. याच खुर्चीत बसून, त्याच कागदावरनं."

त्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी बिनशेवटाचं साहित्य आणलं होतं. ओसवालांनी पाककृती आणली होती, मी दवाखान्यातली एक यादी. दाराशी मुलाणी बंदोबस्ताला उभे होते. चार वाजता खरातबाईंनी पिशवीतून कागद काढले आणि कुणाला न विचारता गोष्ट सुरू केली.

गोष्ट साधी होती. भर दुपारी धनगरवस्तीवरून सायकलवर निरोप येतो. नर्स चालत निघते. पोरसवदा बाई अडलेली असते. सासू दारात बसून देवाचं नाव घेत असते, नवरा सायकलचं हँडल धरून उभा असतो, जणू सायकल पडली तर सगळंच पडेल. मुलगी जन्मते. पण रडत नाही. नर्स तिचं तोंड पुसते, पाठ चोळते. मग तिला पायांनी उलटं धरते आणि तळव्यावर चापट मारते. एक. दोन. घरात कुणी श्वास घेत नाही. ती तिसरी चापट मारते.

इथे बाईंनी कागद खाली ठेवले. पुढचं दीड पान मालखान्यात होतं.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता बसा."

मी फळ्याकडे पाहिलं. बाईंनी नियम मोडला नव्हता, पाळला होता. आचारसंहितेचाही एक शब्द त्यांनी मोडला नव्हता. माझं वय एकोणसत्तर, गुडघे दुखरे, घरी कुत्र्याला खायला घालायचं होतं. पण खरं सांगतो, मला इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. आम्ही बसून राहिलो.

मुलाणी दारातून आत आले, कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुम्ही कशाला हवालदार?" ओसवाल म्हणाले.

"सुरुवात कानावर पडली ना शेठ," मुलाणी म्हणाले. "आता काय करता?"

रविवारी सकाळी खरातबाईंची मुलगी वृषाली दोन बॅगा घेऊन थेट हॉलवर आली.

"आई, बस लागलीय. रिझर्वेशन आहे आपलं."

"मला उठता येत नाही. तू सुरुवात ऐकली नाहीस, तू मोकळी आहेस. तू जा."

"कोणती गोष्ट? काय आहे त्यात?"

"सांगू?"

वृषालीने घाईने नको म्हटलं. तिने तिकिटं पुढच्या रविवारची करून घेतली आणि आईला बजावलं की त्यापुढे एक दिवसही नाही, नवा भाडेकरू सामान घेऊन दारात येईल. मग ती घरी गेली आणि दुपारी सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी घेऊन आली. तिचा राग भाकरीत कुठेही उतरला नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो.

आता लोक विचारतात की आठ दिवस तुम्ही बसलात तरी कसे. फार अवघड नव्हतं. नैसर्गिक गरजांसाठी खुर्ची सोबत नेण्याची मुभा आम्ही ठरावाने घेतली, लोणकर सर सूचक आणि ओसवाल अनुमोदक. खुर्चीसह गेलेला माणूस उठला असं धरायचं नाही. मग खुर्ची घेऊन घरीच का गेला नाहीत, असंही कुणी विचारलं. खुर्च्या वाचनालयाच्या आवाराबाहेर न्यायला बंदी आहे. आम्ही नियम पाळणारी माणसं आहोत.

सोमवारी पोलीस निरीक्षक आले.

"मुलाणी, उठ."

"साहेब, सुरुवात ऐकलीय."

"कुठपर्यंत?"

"तिसऱ्या चापटीपर्यंत."

निरीक्षकांनी थोडा विचार केला आणि हजेरीत 'कर्तव्यावर, बसून' असं लिहून ते निघून गेले.

मंगळवारी नायब तहसीलदार वाघमोडे मॅडम आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, हातात फाईल, चेहऱ्यावर तीन आठवड्यांची अपुरी झोप. येत्या शनिवारी मतदान होतं आणि आमचा हॉल म्हणजे मतदान केंद्र क्रमांक अकरा.

"हॉल रिकामा करावा लागेल," त्या म्हणाल्या.

"शेवट द्या, लगेच रिकामा करतो," मी म्हणालो.

"शेवट जमा आहे."

"म्हणून तर बसलोय."

"चिटणीस, तुम्ही शासकीय कामात अडथळा आणताय."

"मॅडम, आम्ही बसलोय. अडथळा आणायला उठावं लागतं."

खरातबाईंनी त्यांना जवळ बोलावलं आणि त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी आहे," त्या म्हणाल्या. "गूळ-शेंगदाणे खात जा. आणि बाळ, मला तुझ्याशी भांडायचं नाही. मला दीड पान वाचायचंय. चौतीस वर्षं सरकारने मला जन्माची वेळ विचारली, वजन विचारलं. पुढं काय झालं हे कुणी विचारलं नाही. आता मी आपणहून लिहिलं, तर तेवढंच नेमकं सरकारने कुलपात घातलं. मी नाही उठत."

मॅडम फाईल मिटून निघून गेल्या. पण त्यांनी जिल्ह्याला पत्र लिहिलं असावं, कारण गुरुवारी त्या परवानगी घेऊन आल्या. शेवट क्रमांक सहा, म्हणजे खरातबाईंचा, अपवाद म्हणून, एका वाचनापुरता सोडावा. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमही थोड्या हसल्या.

"मालखान्याची चावी कुणाकडे आहे?" त्यांनी विचारलं.

मुलाणींनी खिशावर हात ठेवला. इथे घोडं पेंड खायला लागलं. चावी द्यायची तर देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ठाण्यात जाऊन नोंदवहीसमोर उभं राहून सही करावी लागते. मुलाणी ठाण्यात जायला उठले पाहिजेत. उठायला शेवट ऐकला पाहिजे. शेवट मालखान्यात.

"तुम्ही तो जमा करून घेताना वाचला असेल ना?" मॅडमनी विचारलं.

"पालथा धरतो मॅडम. दुसऱ्याचा शेवट आपण कसा वाचायचा?"

मॅडमनी परवानगीची घडी घातली आणि फाईलमध्ये ठेवली. शुक्रवारी त्यांनी आमच्याभोवती खडूने एक चौकोन आखला, त्यावर 'बिगरमतदान क्षेत्र' असं लिहिलं आणि उरलेल्या हॉलमध्ये मतदान केंद्र लावून घेतलं.

शनिवारी सकाळी सातपासून रांग लागली. आमची मतं आम्ही खुर्च्या घेऊन जाऊन दिली आणि परत चौकोनात आलो. दुपारी ऊन उतरल्यावर गर्दी वाढली. रांग हॉलमधून वळसा घेऊन बाहेर वाचनालयाच्या नळापर्यंत गेली. चारला दोन मिनिटं कमी असताना खरातबाईंनी चष्मा पुसला.

"बाई, काय करताय?" मॅडमनी विचारलं.

"शनिवार आहे. चार वाजले. सभेची वेळ झाली."

"इथे मतदान चालू आहे."

"सुरुवातीवर बंदी आहे का? मधल्या भागावर?"

मॅडमनी परिपत्रक उघडलं. बंदी नव्हती. त्यांनी कानावर हात ठेवायला हवे होते, पण दोन्ही हातांत परिपत्रक होतं.

खरातबाईंनी वाचायला सुरुवात केली. चौतीस वर्षं वस्त्यांवर हाका मारलेला आवाज, माईकची गरज नव्हती. सायकलवर निरोप आला तेव्हा रांग कुजबुजत होती. नर्स वस्तीवर पोचली तेव्हा कुजबुज थांबली. मुलगी जन्मली आणि रांग पुढे सरकायची थांबली. मत देऊन बोटाला शाई लावलेली माणसं दारातच उभी राहिली. मतदान अधिकाऱ्याच्या हातातली शाईची काडी हातातच राहिली. दोन्ही पक्षांचे एजंट आपापल्या याद्या मांडीवर ठेवून ऐकत होते. पहिली चापट. दुसरी. तिसरी.

बाईंनी कागद खाली ठेवले.

कुणी हललं नाही. सुरुवात सगळ्यांनी ऐकली होती. रांग नळापर्यंत उभी होती आणि आता ती कुठेच जाणार नव्हती. मशीन बंद न करता बंद पडलं होतं. मी खरातबाईंकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि उजवा हात पालथा पडला होता. त्या हाताकडे मला पाहवेना. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की त्या दीड पानात काय आहे ते मला माहीत आहे आणि ते मला ऐकायचं नाही.

तेवढ्यात रांगेत मूल रडलं.

वीटभट्टीवरच्या रेणुका धोत्रे रांगेत सतराव्या होत्या. त्यांच्या खांद्यावर चार महिन्यांची मुलगी दुपारपासून झोपलेली होती. ती जागी झाली आणि रडली. साधं रडणं नव्हतं. गळ्याची शीर ताठ करून, तोंड लाल करून, सगळ्या हॉलला जाब विचारत ती रडत होती. रेणुकाबाईंनी तिला गप्प करायला हात उचलला.

"राहू दे," खरातबाई म्हणाल्या. "रडू दे तिला. किती वाजले?"

चौतीस वर्षांची सवय. मी घड्याळ पाहिलं. "चार अठरा."

"लिहा."

मी इतिवृत्तात लिहिलं.

मॅडमनी जागेवरूनच विचारलं. त्यांचा आवाज सरकारी होता, पण पुरता नव्हता. "हा शेवट आहे का?"

"परिपत्रक काय म्हणतं?" लोणकर सरांनी विचारलं.

मॅडमनी व्याख्या वाचली. "ज्यानंतर ऐकणारा उठतो, तो शेवट." त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "कृपा करून उठू नका. तुम्ही उठलात तर हा शेवट ठरेल आणि मला तो जमा करून घ्यावा लागेल."

मुलगी रडतच होती. मग कोपऱ्यातलं स्टूल सरकलं. हवालदार मुलाणी उभे राहिले. त्यांनी टोपी घातली, नीट केली आणि तसेच उभे राहिले. त्यांच्यामागे मी उठलो. माझे गुडघे इतक्या जोरात वाजले की एजंटांनीही ऐकले. ओसवाल उठले, लोणकर सर उठले, सगळं मंडळ उठलं. शेवटी खरातबाई दोन्ही हात खुर्चीवर टेकून उठल्या आणि एकदम रांग पुढे सरकली.

मॅडम रेणुकाबाईंपुढे जाऊन थांबल्या. रेणुकाबाईंनी मुलगी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"न्यायचंय का हिला ठाण्यात?" त्यांनी विचारलं. "न्या की. पावतीवर काय लिवणार ते तेवढं सांगा. आणि दूध कोण पाजणार तेबी लिवा."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी केंद्राच्या डायरीत एक ओळ लिहिली. ती मी नंतर पाहिली: चार वाजून अठरा मिनिटांनी केंद्रावर एक मूल रडले, मतदारांवर परिणाम आढळला नाही. खाली सही, हुद्दा, शिक्का. परिणाम न आढळलेल्या मतदारांपैकी निम्मे डोळे पुसत मशीनकडे जात होते.

रविवारी सातच्या बसला आम्ही सगळे गेलो होतो. वृषालीने बॅगा वर टाकल्या. खरातबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ती पावती माझ्या हातात दिली.

"आणायला जाऊ का, आचारसंहिता संपली की?" मी विचारलं.

त्यांनी हात आत घेतला. बस सुटली.

निकाल लागला. प्रभागात अपक्ष निवडून आला, त्याचं त्यालाही नवल वाटलं. शेवट परत मिळायला लागले. ओसवालांनी आपले तीन मोजून घेतले. लोणकर सरांचा शेवट तसा सगळ्यांना आधीच माहीत होता. शेवट क्रमांक सहा न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा मुलाणींनी नियमाप्रमाणे भिलाईला पत्र पाठवलं. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. ते त्यांनी सभेत आणून दाखवलं, कारण आता ते दर शनिवारी येतात. कार्डावर दोनच ओळी होत्या.

"ते पान तिथेच राहू द्या. मला ते पाठ आहे."

बंदुका मालकांना परत गेल्या आहेत. पान मालखान्यात आहे. तिथे झाडलोट करताना मुलाणी ते उचलतात, पालथंच धरतात आणि पुन्हा फळीवर ठेवतात. आमच्या मंडळाच्या इतिवृत्तात त्या गोष्टीचा शेवट नोंदलेला आहे आणि सर्वांच्या सह्यांनी तो कायम झालेला आहे: शनिवार, चार वाजून अठरा मिनिटं. मुलगी. रडली.